वृद्धाश्रमातील सेवा : दया की हक्क?

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक रडका : मुलांनी आईबापांना टाकले, संस्कृती बुडाली. दुसरा गौरवाचा : अमुक दानशूराने इमारत बांधून दिली, तमुक मंडळाने दिवाळीला फराळ वाटला. ह्या दोन्ही सुरांत खरा प्रश्न बुडून जातो. त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला दिवसाचे चोवीस तास कसे वागवले जाते?

हा प्रश्न आपल्या चळवळीचा कसा, असे कोणी विचारील. म्हातारपण सर्वांना येते, पण ते सारखे येत नाही. निवृत्तिवेतन, घर आणि जमीन असलेला माणूस अनामत भरून आश्रमात स्वतंत्र खोली घेऊ शकतो. ज्याने आयुष्यभर ऊस तोडला, गटारे उपसली, दुसऱ्याची बांधकामे उभी केली, त्याच्या गाठीला दुखणाऱ्या गुडघ्यांखेरीज काही नसते. वृद्धाश्रमाच्या दारात हे दोघे एकाच पायरीवर उभे नसतात.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. संविधानाचे ४१ वे कलम वृद्धापकाळी लोकसाहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करण्यास राज्यसंस्थेला सांगते. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. निराधार म्हाताऱ्याच्या वाट्याला जो कायदा प्रत्यक्षात आला, तो १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. रस्त्यावर हात पसरताना सापडला तर पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात स्थानबद्धता! गरीब म्हाताऱ्याला सरकारने दिलेले छप्पर हे असे कोठडीचे होते. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ह्या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली.

२००७ साली केंद्राने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा केला. त्याच्या ९ व्या कलमाने मुलांकडून दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाहभत्ता मिळू शकतो. पण ज्याचा मुलगाच रोजंदारीवर आहे, त्याने तो कोणाकडून मागायचा? १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम, आणि त्या आश्रमांतील सेवांचा दर्जा ठरवणारी योजना, असे दोन्ही आहे. मात्र दोन्ही ठिकाणी क्रियापद आहे ‘शकेल’. राज्य सरकार आश्रम स्थापू शकेल, दर्जा ठरवू शकेल. गरिबाचे म्हातारपण ह्या ‘शकेल’वर टांगलेले आहे. आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ह्यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. सतराव्या लोकसभेची मुदत संपली तरी ते मंजूर झाले नाही.

आता ‘दर्जा’ म्हणजे काय? फरशी, रंग, संगमरवरी नामफलक हा दर्जा नव्हे. आश्रमातील सर्वांत असहाय माणसाच्या देहावर सेवेचा दर्जा लिहिलेला असतो आणि तो कोणालाही वाचता येतो. जो स्वतःहून कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही तर माकडहाड, कंबर आणि टाचा येथील कातडी दबून मरते व जखमा होतात. त्यांना शय्याव्रण म्हणतात. असे बहुतेक व्रण काळजी घेतल्यास टाळता येतात. म्हणून म्हाताऱ्याच्या पाठीवरची जखम हे नुसते त्याचे दुर्दैव मानू नये. रात्री किती माणसे कामावर होती, ह्याची ती नोंद असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. वय वाढले की तहानेची जाणीवच मंदावते. पाणी मागून मिळण्याची वाट पाहून चालत नाही, ते आठवणीने द्यावे लागते. घडते उलटेच. एका तालुक्याच्या गावच्या आश्रमात मी विद्यार्थ्यांसह गेलो होतो. एका आजींच्या उशाशी भरलेला तांब्या तसाच होता. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “कमीच पिते रे बाळा. रात्री उठवायचं कुणाला?” ह्या एका वाक्यात त्या आश्रमाचा सगळा अहवाल आला. पाणी कमी पडले की लघवीचा जंतुसंसर्ग होतो, त्यातून म्हातारी माणसे बरळतात, माणसे ओळखत नाहीत. मग व्यवस्थापक म्हणतो, म्हातारीला वेड लागले. तिला झोपेची गोळी दिली जाते. गोळीच्या गुंगीत ती पडते, खुब्याचे हाड मोडते. वहीत नोंद होते : ‘वार्धक्य’.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. ही सेवा करते कोण? त्याच आश्रमात स्वयंपाकघरातली माणसे एका जातीची होती आणि मलमूत्र काढणाऱ्या दोघी बाया आपल्या वस्तीतल्या होत्या. ज्या बाईचे हात रोज आपले अंग धुतात, त्याच हातचे पाणी न पिणारे रहिवासी मी तेथे पाहिले. नगरपालिकेच्या झाडूकामातून निवृत्त झालेल्या एका आजींना सर्वांबरोबर भाजी निवडायलाही बसू देत नव्हते. म्हणजे अस्पृश्यता गात्रांबरोबर थकत नाही! संविधानाच्या १७ व्या कलमाने ती नष्ट केली आहे आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तिचे पालन हा गुन्हा आहे. आश्रमाचे दार ओलांडले म्हणून हा कायदा बाहेर राहत नाही.

त्या दोघी बायांवर रात्री तीस माणसांचा भार होता. कूस कोणाची बदलायची आणि पाणी कोणाला द्यायचे? शिवाय पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर नाही. अशा बाईने कधी आवाज चढवला तर तिला निर्दय ठरवणे सोपे असते. तिच्या श्रमाला ‘सेवा’ म्हणायचे आणि त्या पवित्र शब्दाखाली तिची मजुरी गाडायची, ही जुनी युक्ती आहे. म्हाताऱ्यांचा हक्क आणि ह्या बायांचा हक्क एकमेकांविरुद्ध नाहीत. एकाची पायमल्ली करून दुसरा सांभाळता येत नाही.

निवासी संस्था आपल्याला परक्या नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. आपल्या कितीतरी पिढ्या बोर्डिंगात शिकल्या. डाळ पातळ झाली तर ताटे वाजवायची, अधीक्षकाला जाब विचारायचा, हे आपण तेथेच शिकलो. पण अंथरुणावरची आजी मोर्चा काढू शकत नाही. तक्रार केली तर बाहेर काढतील, ह्या भीतीने ती ‘सगळं बरं आहे’ म्हणते. तक्रार करूनही माणूस निर्भयपणे राहू शकतो की नाही, येथून दया संपते आणि हक्क सुरू होतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातील आश्रमात फराळाच्या पुड्यांऐवजी प्रश्न घेऊन जावे. रात्री कामावर किती माणसे असतात? रहिवाशांची वजने दरमहा घेतात का, आणि कोणाचे घटत चालले आहे? संध्याकाळच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंत किती तास पोट रिकामे राहते? कोणाला खाटेला बांधतात का? झोपेच्या गोळ्या डॉक्टरने लिहून दिल्या आहेत का? संडासात दिवा आणि धरायला दांडी आहे का? पंगत एक आहे का? काम करणाऱ्या बाईला किमान वेतन आणि सुटी मिळते का? उत्तरे लिहून काढावीत, जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावीत, आणि १९ व्या कलमातल्या आश्रमाचा व दर्जाच्या योजनेचा आपल्या जिल्ह्यापुरता हिशेब मागावा.

राबणाऱ्या माणसाने आपले म्हातारपण समाजाकडे आधीच जमा केलेले असते, श्रमाच्या रूपाने. तो ठेवीदार आहे. त्याला याचक म्हणून रांगेत उभे करण्याचा अधिकार कोणत्याही दानशूराला नाही.