संदेशांची रांग तुंबते तेव्हा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या रेवदंड्यासारख्या गावी अशा प्रसंगी धोक्याच्या सूचनेचे मोल मोठे असते. मात्र ती वेळेत पोहोचली तरच.

असंख्य संदेशांची देवघेव करणाऱ्या संगणकप्रणालींत पुष्कळदा 'मेसेज ब्रोकर' नावाचा एक मध्यस्थ असतो. नाव अडत्याचे असले तरी काम टपालकचेरीचे. पाठविणारा संदेश देऊन मोकळा होतो, मध्यस्थ तो रांगेत ठेवतो, आणि पुढील यंत्रणा सवडीने उचलून 'काम झाले' अशी पोच देते. पोच मिळाल्यावरच संदेश रांगेतून वगळला जातो.

समजा, दर सेकंदाला ५० संदेश येतात आणि ४० मार्गी लागतात. फरक क्षुल्लक वाटतो. परंतु तासाभरात ३६,००० संदेश तुंबतात. 'रॅबिटएमक्यू' या प्रचलित ब्रोकरमध्ये स्मृती ठराविक मर्यादेपर्यंत भरली की तो नवे संदेश स्वीकारणे थांबवितो. मग पाठविणारी यंत्रणाही खोळंबते आणि दोष ब्रोकरच्या माथी येतो. वास्तविक तो बहुधा पुढच्या टोकाला असतो.

अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरावा. जे संदेश डिस्कवर जतन केलेले नसतात ते त्यात कायमचे नाहीसे होतात, आणि जतन केलेले पुन्हा तसेच रांगेत उभे राहतात. त्याऐवजी प्रथम दोन आकडे पाहावेत : उचलण्याची वाट पाहणारे संदेश किती, आणि उचलले गेले पण पोच न आलेले किती. पहिला आकडा वाढत असेल तर काम करणारे हात अपुरे आहेत. दुसरा फुगला असेल तर हात आहेत, पण ते कोठे तरी अडकले आहेत. एखादा माहितीसंच मंदावला असेल, किंवा एकाच यंत्रणेने झेपणार नाहीत इतके संदेश एकदम उचलले असतील. कधी एकच सदोष संदेश पुनःपुन्हा रांगेत परततो आणि इतरांची वाट अडवितो. तो वेगळ्या रांगेत काढून सावकाश तपासावा.

हात वाढवून वेग सेकंदाला ६० वर नेला, तरी वरील तुंबारा उपसण्यास आणखी एक तास लागतो. म्हणून वादळाच्या सूचनेसारख्या संदेशाला मुदत घालून देणे अगत्याचे आहे. 'दुपारपूर्वी निवाऱ्यात जा' हा संदेश सायंकाळी मिळण्यापेक्षा न मिळालेला बरा. जुनी सूचना नव्या सूचनेविषयी संभ्रम निर्माण करते.

प्रत्येक क्रमांकावर स्वतंत्र लघुसंदेश धाडण्याऐवजी मनोऱ्याच्या टापूतील सर्व भ्रमणध्वनींवर एकाच वेळी सूचना प्रक्षेपित करण्याची पद्धतही आहे. भारतात २०२३ मध्ये तिच्या चाचण्या झाल्या. तीत गावातील माणसे वाढली म्हणून प्रक्षेपणाची रांग लांबत नाही.