मराठीतील वयवाचक शब्द : अर्थ आणि उपयोजन
(विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

प्रस्तावना
वय वर्षांत मोजले जात असले तरी वय दर्शविणारे मराठी शब्द वर्षे क्वचितच मोजतात. ‘पंचविशी’, ‘साठी’ असे संख्यादर्शक शब्द मराठीत आहेत. परंतु इतर अनेक शब्द शरीर, समज आणि नाते यांवरून सिद्ध झाले आहेत. त्यांचे स्वरूप व सामाजिक परिणाम स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शरीर, समज आणि नाते
अंगावर पिणारे मूल ‘तान्हे’, तर गुडघ्यांवर पुढे सरकणारे ‘रांगते’. येथे शब्दाचा आधार कृती हा आहे. समज दर्शविणारे शब्द मात्र पिकण्या-शिजण्याच्या कल्पनेतून आले आहेत. ‘परिपक्व’ हा शब्द संस्कृतातील, तर ‘पोक्त’ हा फारसी ‘पुख्ता’पासून आलेला, दोहोंचा मूळ अर्थ एकच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील संत गोरा कुंभार यांची परंपरागत कथाही याच कल्पनेवर आधारलेली आहे. संतमेळ्यात वयाने वडील म्हणून ते ‘गोरोबाकाका’. त्यांनी थापटण्याने संतांची परीक्षा घेतली, तेव्हा नामदेव ‘कच्चे मडके’ ठरले. ‘काका’ हा शब्द वडीलपण सांगतो, ‘कच्चे’ हा समज सांगतो. वर्षांची संख्या कोठेही येत नाही.

कायद्याची परिभाषा
कायद्याला निश्चित संख्या लागते. सर्वसाधारणपणे १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ‘सज्ञान’, त्याआधी ‘अज्ञान’. सातबारा उताऱ्यावर आढळणारे ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’. येथे ज्ञानवाचक शब्दाला संख्यावाचक अर्थ प्राप्त झाला आहे.

‘वयात येणे’
‘मुलगी वयात आली’ हा वाक्प्रयोग शारीरिक बदल सांगतो. त्यापाठोपाठ ‘उपवर’ हा शब्द येतो. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मात्र विवाहासाठी मुलीची १८ व मुलाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. या दोन अर्थांमध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर पडू शकते. बीड, धाराशिव या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांमध्ये पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ गणला जातो व उचलही जोडीवर मिळते. अशा आर्थिक निकडीला ‘वयात आली’ हा शब्दप्रयोग सहज समर्थन पुरवितो.

संख्या वापरली तरी संदिग्धता उरते. ‘अठरावे लागले’ याचा अर्थ सतरा पूर्ण झाली असा होतो. कायद्याला अठरा पूर्ण अपेक्षित असतात. एका क्रियापदाने वर्षाचा फरक पडतो.

निष्कर्ष
लोकभाषेतील वयवाचक शब्द सदोष नाहीत. त्यांचे प्रयोजन निराळे आहे. मात्र जेथे मुलीचे शिक्षण व आरोग्य पणाला लागते, तेथे ‘वयात आली का?’ असे विचारून भागत नाही. ‘किती वर्षे पूर्ण झाली?’ हाच प्रश्न तेथे विचारला गेला पाहिजे.