गाडी शिकताना दंड कोणाला?

बालमित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण मुंबईला अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला मामा-काकांकडे जातात. तिथे एखादा दादा म्हणतो, "चल, तुला स्कूटर शिकवतो. चाळीमागच्या गल्लीत कोण बघतंय?" आपल्यालाही हौस असतेच. पण गल्ली पुढे बंद असली तरी लोकांच्या येण्याजाण्याची जागा म्हणून कायदा तिथेही लागू होतो.

पुष्कळांना वाटते, पोर लहान आहे, दटावून सोडतील. तसे नाही बरं का! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. आता १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा काय? तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मामा म्हणाला, "मला न विचारता किल्ली नेली," तर ते त्यानेच कोर्टात सिद्ध करायचे. तोवर त्याची संमती होती असेच कोर्ट धरून चालते.

आणि मुलाचे काय? त्याला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या गावचे कितीतरी दादा उपनगरात रिक्षा चालवून घरी पैसे पाठवतात. रिक्षाचा परवाना विसाव्या वर्षी मिळू शकतो. म्हणजे एका फेरीपायी पाच वर्षांची कमाई गेली! मला तर दंडापेक्षा हेच जबर वाटते.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते दगावले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, त्यावर गावोगाव लोक संतापले. दोनच दिवसांनी त्याच्या वडिलांना अटक झाली.

मग शिकायचे कसे? १८ वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ परवाना काढायचा. अंधेरी व बोरिवलीला आर.टी.ओ. कचेरी आहे, घाटकोपर-मुलुंडकरांची वडाळ्याला. हा परवाना सहा महिने चालतो. सोबत पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे इंग्रजी 'एल' अक्षर हवे. पाटी १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच. फूटपट्टीने आखून पाहा, केवढे होते ते! स्कूटरवर मागे मित्राला बसवायचे नाही, फक्त शिकवणाऱ्याला. या अटी मोडल्या तर शिकाऊ परवाना असून नसल्यासारखा. विनापरवाना चालवल्याबद्दल ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा.

तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. नापास झाल्याबद्दल मात्र दंड नाही! सात दिवसांनी पुन्हा बसता येते, आणि तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावे लागते.