विद्यार्थ्यांनो, नोकरी लागेपर्यंत थांबू नका!

दरवर्षी जून-जुलै उजाडला की महाविद्यालयांत आपली मुलेमुली नव्याने दाखल होतात. अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. त्यांच्याशी बोलताना समाजकार्याचा विषय निघाला की एक ठरलेले उत्तर मिळते. "सर, आधी शिक्षण पूर्ण होऊ द्या, नोकरी लागू द्या, मग समाजाचं बघू." हे उत्तर प्रामाणिक असते. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेले असते, त्यामुळे त्यात चूक काढावीशीही वाटत नाही. तरीही हे उत्तर चुकीचे आहे, आणि त्याची किंमत मी जवळून पाहिली आहे.

2002 च्या सुमारास मी कायद्याचा विद्यार्थी होतो. आमच्याच गल्लीतला, चार घरे सोडून राहणारा एक मुलगा बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. त्याला अभियांत्रिकीला जायचे होते. जातपडताळणीसाठी आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा हवा होता. वडील मजूर, मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात, अर्ज कसा करायचा हे घरात कोणालाच ठाऊक नाही. मुदतीत कागद पुरे झाले नाहीत. राखीव जागेवरचा प्रवेश गेला आणि खुल्या जागेची फी झेपणारी नव्हती. आज तो रिक्षा चालवतो. रिक्षा चालवणे कमीपणाचे नाही, पण तो त्याने निवडलेला मार्ग नव्हता. त्या वेळी मी काय करीत होतो? त्याच गल्लीत दिव्याखाली बसून संविधानाचे सोळावे कलम पाठ करीत होतो! राखीव जागांवरचे न्यायनिवाडे मला तोंडपाठ होते, पण शेजारच्या घरात राखीव जागा निसटते आहे याचा मला पत्ताही नव्हता.

ही गोष्ट तिथे संपत नाही. वडिलांकडच्या रक्तनात्यातील एकाला वैधता प्रमाणपत्र मिळालेले असले की पुढच्या पिढीचे काम पुष्कळ सोपे होते. त्या मुलाला ते मिळाले नाही, म्हणून अलीकडे त्याच्या मुलीच्या वेळी पुन्हा पणजोबांपासून सुरुवात करावी लागली. या वेळी वस्तीतल्या विहारात बसणाऱ्या चार-पाच महाविद्यालयीन मुलामुलींनी ते काम अंगावर घेतले. मूळ गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन जुन्या रजिस्टरमधून प्रवेश-निर्गम उतारा काढून आणला. त्यांना लागले दोन दिवस आणि एसटीचे भाडे. वीस वर्षांपूर्वी एवढेच कोणी करायला हवे होते, आणि तो 'कोणी' मीच होतो.

समाजसेवा म्हणजे काय, या प्रश्नावर बाबासाहेबांनी फार पूर्वी बोट ठेवले आहे. 1932 साली पुणे करारानंतर अस्पृश्यताविरोधी संघ स्थापन झाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. त्याचे सरचिटणीस अमृतलाल ठक्कर यांना बाबासाहेबांनी 14 नोव्हेंबर 1932 रोजी गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून सविस्तर पत्र लिहिले. दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये अशा मार्गांनी माणसे सुधारत बसण्यापेक्षा, ज्या परिस्थितीत त्यांना जगावे लागते ती परिस्थिती बदलण्यावर सारी शक्ती लावा, असा त्या पत्राचा आशय होता. विहिरीवर पाणी भरण्याचा, शाळेत बसण्याचा, चावडीवर जाण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळवून देणे हे त्यांच्या लेखी खरे काम होते. आणि हे काम पगारी कार्यकर्ते करू शकणार नाहीत, ज्यांना या कामाविषयी जिव्हाळा आहे तेच करतील, असेही त्यांनी बजावले होते.

याचा अर्थ वाचनालय नको असा कोणी काढू नये. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते. अभ्यासिका हवीच. पण तिथे शिकणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती महाविद्यालयाने अडवली, तर अभ्यासिका चालवणाऱ्याने गप्प बसता कामा नये. सेवा आणि हक्क यांची अशी सांगड घातली तरच ती आंबेडकरी सेवा. नाही तर ते दानधर्माचेच दुसरे रूप.

महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना असते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली ती सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे शिबिर असे तिचे स्वरूप. आपल्या मुलांनी तिच्यात जरूर जावे. मात्र शिबिरात झाडू हाती घेताना आपला रस्ता गावातल्या कुठल्या घरापर्यंत साफ झाला आणि कुठे थांबला, हे डोळे उघडे ठेवून पाहावे. पाण्याची टाकी कुठे आहे आणि नळ कुठपर्यंत पोहोचला, हे विचारावे. प्रमाणपत्राच्या गुणांपेक्षा हे प्रश्न जास्त शिकवतात.

मग करायचे काय? मोठी संघटना काढण्याची गरज नाही. पाच जणांचा गट पुरे, त्यात निदान दोघी मुली असाव्यात आणि त्या केवळ स्वागतगीतापुरत्या नसाव्यात. आठवड्यातून दोन तास द्यावेत. पहिले काम कागदपत्रांचे. अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, हे वस्तीतल्या किती घरांना माहीत आहे? दहावीचा निकाल लागण्याआधीच प्रत्येक घराची फाईल तयार असावी. शाळेचा उतारा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, वडिलांचा दाखला. बौद्धांचा अनुसूचित जातींच्या सवलतींतील समावेश 1990 च्या दुरुस्तीने झाला, हेही मुलांना सांगावे. दाखल्यावर काय लिहावे या गोंधळात अनेकांचे अर्ज अडकतात.

दुसरे काम सोबतीचे. अत्याचार झालेला माणूस पोलीस ठाण्यात एकटा गेला की त्याला तासन् तास बसवून ठेवतात. शिकलेली दोन मुले सोबत असली की चित्र बदलते. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखवणे हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 4 नुसार कर्तव्य आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. एवढ्या तीन गोष्टी सांगण्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. वकिलाचे काम मात्र वकिलावरच सोपवावे. फिर्याद आपल्या मनाने रंगवू नये, कारण न्यायालयात त्याचाच फायदा आरोपीला मिळतो.

काही पथ्ये पाळावीत. वर्गणी एक रुपयाची असली तरी तिचा हिशेब विहाराच्या फलकावर लावावा. कोणत्याही गटाच्या नेत्याच्या दावणीला गट बांधू नये. आधी फोटो आणि मग काम, असा उलटा क्रम नको. आणि अभ्यास बुडवू नये. नापास झालेल्या कार्यकर्त्याचे दाखले पुढच्या प्रत्येक मुलाला घरात ऐकवले जातात.

'नोकरी लागल्यावर बघू' म्हणणाऱ्यांना वकील म्हणून आणखी एक सांगतो. सरकारी नोकरीत शिरलात की वर्तणूक नियम लागू होतात, बोलण्यावर आणि चळवळीत उतरण्यावर बंधने येतात. विद्यार्थी असताना जेवढे मोकळे आहात तेवढे पुढे कधीच असणार नाही. 1978 ते 1994 या काळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. त्यांनी नोकरीची वाट पाहिली असती तर?

18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयीची आपली व्यथा जाहीरपणे मांडली. आपण ती दर जयंतीला ऐकवतो आणि साहेब झालेल्यांकडे बोट दाखवतो. पण तो साहेब एका दिवसात तयार होत नाही. शेजारच्या घरातला अर्ज बाजूला सारून आपले पुस्तक उघडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलापासून तो घडू लागतो. तो मुलगा मी होतो, म्हणूनच हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास थांबा. बारावीला बसणारी मुले कोण, त्यांच्या आजोबांची शाळा कोणती, एवढी यादी करा. चळवळ तिथूनही सुरू होते.

जयभीम!