चौऱ्याण्णवचे कोडे

गेल्या वर्षी महिनाभर आमच्या घरात एकच आकडा मुक्कामाला होता : ९४. सिंगापूरच्या सेंगकांग भागात, सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या म्हणजे इथल्या भाषेत एचडीबीच्या इमारतीत आम्ही राहतो. घरी एक गिगाबिटची फायबर जोडणी आहे. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिट. मोजायला बसलो की मात्र ९४. लॅपटॉपवर ९४, फोनवर ९३, रात्री नऊला ९४ आणि पहाटे तीनला उठून पाहिले तरी ९४.

कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने नम्रपणे राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. दुसऱ्या फोनला दुसऱ्याने तेच सांगितले. तिसऱ्या वेळी त्यांनी त्यांच्या बाजूने लाइन तपासली आणि ‘आमच्याकडून सगळे ठीक आहे’ असा निर्वाळा दिला. मला राग आला. पुढे कळले की ते खरे बोलत होते. पण तीन फोनांत एकानेही ‘आकडा नेमका किती येतो?’ असे विचारले नाही, याचे वाईट मला आजही वाटते. ताप किती आहे हे न पाहताच गोळी द्यावी, तसा तो प्रकार होता. कारण त्या आकड्यातच सगळे उत्तर होते.

ते उत्तर कळायला आधी घरापर्यंत येणारी काच समजून घ्यावी लागते. सिंगापूर सरकारने २००६ मध्ये दहा वर्षांचा माहिती तंत्रज्ञान आराखडा मांडला आणि त्यात देशभर फायबर टाकायचे ठरवले. रचना मुद्दाम तीन थरांची केली. जमिनीखालची आणि इमारतीतली काच एका संस्थेची, काचेच्या टोकांवरची यंत्रे दुसऱ्या संस्थेची आणि ग्राहकाला बिल पाठवणाऱ्या कंपन्या तिसऱ्या थरात. तार ज्याच्या मालकीची त्याने इतरांची वाट अडवू नये, हा हेतू. काचेचे काम २००८ मध्ये ओपननेट या गटाला मिळाले, यंत्रांचे २००९ मध्ये न्यूक्लिअस कनेक्टला, आणि २०१० मध्ये घरोघरी सेवा सुरू झाली. या दोन थरांसाठी सरकारने एक अब्ज सिंगापूर डॉलरपर्यंत अनुदानाची तयारी ठेवली होती. ओपननेट २०१३ मध्ये नेटलिंक ट्रस्टकडे गेली. आज कुठल्याही कंपनीची जोडणी घेतली, तरी भिंतीवरच्या ज्या छोट्या पांढऱ्या डबीतून ती सुरू होते, ती टीपी नावाची डबी बहुतेक घरांत नेटलिंकचीच असते. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. मात्र तक्रार करणाऱ्याला तिची एक अडचण होते : बिघाड कुठल्या थरात आहे, हे बिल पाठवणाऱ्या कंपनीला दरवेळी थेट दिसत नाही.

या काचेत काय घडते? बहुतेक घरांत अजून ‘जीपॉन’ नावाची पद्धत चालते. एक्स्चेंजमधून निघालेल्या एका धाग्यातून सेकंदाला २,४८८ मेगाबिट खाली येतात. वाटेत एक स्प्लिटर तो प्रकाश वाटून देतो. त्याला वीज लागत नाही, आत काही हलत नाही, काचेतल्या काचेतच प्रकाश विभागला जातो. सिंगापुरात घरगुती जोडणीसाठी ही वाटणी जास्तीत जास्त २४ घरांत होते. खाली येताना सर्वांचा माल सर्वांच्या दारात जातो, पण तो कुलूपबंद असतो, आणि प्रत्येक घरातली ओएनटी नावाची पेटी फक्त आपला उघडते. वर जाताना सर्वांचा प्रकाश एकाच धाग्यात मिसळणार, म्हणून प्रत्येक पेटीला बोलण्याची वेळ नेमून दिलेली असते. हे सगळे एकाच धाग्यात जमते, कारण येणारा प्रकाश १,४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १,३१० नॅनोमीटरचा असतो. दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये फायबरवाला जी पेटी बसवून जातो, तिच्यातही बहुतेक वेळा हेच चालते.

आता २,४८८ ला २४ ने भागून पाहा. सुमारे १०४ येतात. माझा आकडा ९४. मला वाटले, सापडला चोर! चोवीस घरे एकाच वेळी ओढत असणार आणि माझ्या वाट्याला एवढेच उरत असणार. पण हा तर्क पहाटे तीनच्या मोजणीपुढे टिकला नाही. सोसायटीच्या टाकीचे पाणी सकाळी सातला कमी येते आणि दुपारी भरपूर, कारण सगळे एकाच वेळी नळ सोडत नाहीत. नेटचेही तसेच असते. गर्दीमुळे आटलेला वेग दिवसभर वर-खाली होत राहतो. माझा ९४ तर खांबासारखा उभा होता.

मग संशय प्रकाशावर गेला. धागा मुडपला असेल, टोकावर धूळ बसली असेल. ही शंका चुकीची नव्हती. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, त्याचा व्यास जेमतेम नऊ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या काही अंशाएवढा. जोडणीच्या टोकावर बसलेला एक धूलिकणही त्याला झाकू शकतो. म्हणून ते हिरवे टोक बोटाने पुसू नये, कापडानेही नाही. धागा फार वळवला तर प्रकाश कडेने निसटतो. जुन्या प्रकारच्या धाग्याला तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सोसत नाही. घरात वापरण्यासाठी बनवलेले नवे धागे एका सेंटिमीटरपर्यंत, काही त्याहूनही कमी, निभावून नेतात.

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण या काचेची गोष्टच थक्क करणारी आहे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेतून मांडले, की काच पुरेशी शुद्ध केली आणि एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश जरी उरला तरी तिच्यातून दूरसंचार करता येईल. त्या काळच्या काचेत तेवढाही उरत नव्हता. आजच्या काचेत योग्य तरंगलांबीला किलोमीटरमागे सुमारे ९५ टक्के प्रकाश उरतो. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. घरच्या जोडणीत त्यामुळे अंतर हा प्रश्नच उरत नाही. पाच किलोमीटर काच जेवढा प्रकाश खाते, त्याच्या कितीतरी पट तो चोवीस घरांच्या वाटणीत कमी होतो. आणि पेटीची नजर इतकी तीक्ष्ण, की एका मिलिवॉटचा पाचशेवा भाग प्रकाश पोहोचला तरी तिला वाचता येते. तांत्रिक भाषेत याला उणे २७ डीबीएम म्हणतात. त्याखाली मात्र ती आंधळी होते आणि तिच्यावरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होतो.

यातच उलगड्याचा एक धागा होता. प्रकाश कमी पडला तर जोडणी सहसा तुटते किंवा सारखी अडखळते. दिवसरात्र, न चुकता, दहाव्या हिश्शाने चालत राहण्याची सवय प्रकाशाला नाही. माझ्या पेटीवरचे दिवे हिरवे होते आणि कंपनीला तिच्यापर्यंतचा रस्ता साफ दिसत होता. म्हणजे जे काही बिघडले होते ते पेटीच्या अलीकडे, माझ्याच घरात.

राउटरला येणारी वायर काढून मी लॅपटॉप दुसऱ्या वायरने दोन मिनिटांपुरता थेट ओएनटीला जोडला. आकडा आला ९४१.

मग ९४ कुठून येत होते? ओएनटी आणि राउटर यांच्यामधल्या नेटवर्क वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. एक गिगाबिटला चारही जोड्या लागतात. जुन्या १०० मेगाबिटच्या पद्धतीला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली की अनेक यंत्रे न कुरकुरता उरलेल्या दोन जोड्यांवर उतरतात. दिवा पेटलेला राहतो, नेट चालू राहते, फक्त कमाल वेग शंभर होतो. या शंभरातही सगळा माल आपला नसतो. वायरीवरून जाणाऱ्या प्रत्येक पूर्ण पाकिटासाठी १,५३८ बाइटची जागा लागते, आणि त्यात आपल्या कामाचे १,४४८. बाकी पत्ता, तपासणी आणि दोन पाकिटांमधले अंतर. १,४४८ ला १,५३८ ने भागा : शेकडा ९४. गिगाबिटच्या वायरीवर याच हिशोबाने ९४१ येतात. तेव्हा ९४ च्या आसपास ठाम उभा राहिलेला आकडा दिसला, की आधी वायरकडे पाहावे. एक खबरदारी मात्र घ्या : बऱ्याच नव्या टीव्हींच्या मागचे नेटवर्कचे भोकच शंभर मेगाबिटचे असते. तिथे ९४ हा बिघाड नसतो, आणि ४के चित्रपटाला तेवढा वेग पुरून उरतो.

माझी वायर तुटली कशी? १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इथल्या नव्या एचडीबी घरांत एक छोटी आश्रयखोली असते. लोक तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात आणि कोठीची खोली म्हणून वापरतात. तिच्या भिंती लोखंडी सळयांच्या जाळीवर ओतलेल्या जाड काँक्रीटच्या आणि दार पोलादाचे. पसारा दिसू नये म्हणून कित्येक जण राउटर तिथेच ठेवतात, आणि वायफायसाठी त्याहून वाईट जागा घरात शोधून सापडणार नाही. रेडिओलहरींना ती लोखंडी जाळी पिंजऱ्यासारखी अडवते. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणाऱ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या भिंत पार करतात, पण तिथे एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, आणि आमच्या मजल्यावर उभे राहिले की फोनला शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डझनावारी राउटर दिसतात. हे ठाऊक असल्यामुळे मी पेटी शेल्टरमध्ये ठेवून राउटर दिवाणखान्यात आणला होता. वायर दाराच्या फटीतून बाहेर काढली होती. ते पोलादी दार महिन्याभरापूर्वी कोणीतरी नीट लावून घेतले होते. वायर तिथे चपटी झालेली दिसली.

नवी वायर लावली आणि घरभर वेग आला. पण खरे सांगायचे तर, ज्या कारणाने मी या शोधाला लागलो ते दुखणे त्याने गेले नाही. दर रविवारी सांगलीला आईशी व्हिडिओवर बोलताना तिचे चित्र गोठायचे, आणि ते तसेच गोठत राहिले.

व्हिडिओच्या बोलण्याला सेकंदाला दोन-तीन मेगाबिट पुरतात. ९४ सुद्धा भरपूर होते. पाट रुंद केला म्हणून धरण शेताजवळ येत नाही. सिंगापूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येण्यासाठी किमान ३९ मिलिसेकंद हवेतच. समुद्रतळावरची केबल सरळ जात नाही, त्यामुळे मला मुंबईपर्यंत साठच्या पुढे लागतात. कुठल्याही कंपनीचा कितीही महागडा प्लॅन हे अंतर कमी करू शकत नाही. वेग मोजणारी ॲप्स जवळचा, म्हणजे सिंगापुरातलाच सर्व्हर निवडतात, तेव्हा त्यांच्या आकड्यात समुद्र येतच नाही.

पण साठ मिलिसेकंदांनी चित्र गोठत नाही. गोठते ते पाकिटे हरवली किंवा वेळीअवेळी आली म्हणजे. म्हणून पुन्हा तीच रीत : साखळी कडी-कडीने तपासायची. माझ्या लॅपटॉपपासून राउटरपर्यंत एक-दोन मिलिसेकंद, स्थिर. मुंबईपर्यंत साठाच्या वर, स्थिर. मग भाच्याला सांगलीच्या घरातून फक्त घरच्याच राउटरला पिंग करायला, म्हणजे तिथवर पाकीट जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायला, सांगितले. आकडे आले ४, ७, १८०, ३, ४१०. म्हणजे माझ्या आईचे चित्र हजारो किलोमीटरच्या प्रवासात अडखळत नव्हते, पहिल्या पंधरा फुटांत अडखळत होते.

आता कंपनीला फोन करताना काय हाताशी असावे ते सांगतो. किमान तीन दिवस, सकाळ, रात्री नऊ आणि पहाट, अशा वेळांचे आकडे. वायफायवर किती, राउटरला वायरने किती आणि ओएनटीला थेट वायरने किती. (भारतात ओएनटी आणि राउटर बहुधा एकाच पेटीत असतात, तिथे पहिले दोनच पुरेत.) पेटीवरचे दिवे कुठल्या रंगाचे. थेट वायरने ९४० च्या आसपास येत असतील तर दोष तुमच्या घरात आहे, तंत्रज्ञाच्या भेटीचे पैसे वाचवा. तिथेही वेग फक्त रात्रीच पडत असेल तर कंपनीकडे गर्दी आहे, आणि हे त्यांनी मान्य करेपर्यंत पाठपुरावा करा. लाल दिवा असेल तर बाकी काही न करता माणूस मागवा. सिंगापुरात कंपनीशी बोलून मिटले नाही तर २०२२ पासून आयएमडीए या नियामकाची तंटा निवारण योजना आहे, ती सिंगापूर मीडिएशन सेंटर चालवते. तिथे तुमच्या वहीतले तारीखवार आकडे तुमच्या रागापेक्षा जास्त कामाला येतील.

सांगलीच्या घरात राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता, दिसायला बरे म्हणून. भाच्याने तो काढून खिडकीशेजारच्या फळीवर मांडला. त्यानंतरच्या रविवारी आई पाऊण तास बोलली आणि चित्र एकदाही थांबले नाही.