मत्स्यपेटीवरील ओरखडे

आमच्या नातवाची मत्स्यपेटी काचेची नसून ॲक्रिलिकची, हें ठाऊक असूनहि आम्हीं ती वाळूचे कण अडकलेल्या स्पंजानें घांसली व तिच्यावर ओरखड्यांचें जाळें उमटलें. नातू कांहींच बोलला नाहीं. तेंच अधिक लागलें.

ॲक्रिलिक काचेहून मऊ. म्हणूनच त्यावरील ओरखडा घांसून काढतां येतो. मासे दुसऱ्या भांड्यांत हलवून, पेटी रिकामी करून, पाण्यांत चालणारा ८०० क्रमांकाचा पॉलिश कागद आम्हीं घेतला. नखाला लागेल असा ओरखडा असेल तरच एवढा खरखरीत घ्यावा. एरवीं १५०० पासून आरंभ पुरे. पुढें १०००, १५००, २००० असें चढत जावें आणि दर वेळीं घांसण्याची दिशा काटकोनांत बदलावी, म्हणजे मागील कागदाचे व्रण उरले कीं काय तें कळतें. एकाच जागीं घांसल्यास खळगा पडून मासा वांकडा दिसतो. कागद सतत ओला हवा. पेटी दुधासारखी धुरकट झाली, तेव्हां ती गेलीच असें घरच्या मंडळींनीं ठरविलें! ॲक्रिलिकचें पॉलिश मऊ फडक्यानें चोळतांच मात्र तेज परतलें. स्पिरिट किंवा अमोनिया लावूं नये. बारीक तडे जातात.

मासे सोडण्यापूर्वीं पेटी तीनदां धुतली. कोपऱ्यांत एक ओरखडा राहिला आहे. नातवानें तो आम्हांसच दाखविला, दुसऱ्या कोणास नाहीं.