जिंतूरच्या वाट्याचे 1,200 तास

जगात उच्च शिक्षण घेणारे 2000 साली सुमारे 10 कोटी होते. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये ते 26.4 कोटी झाले. म्हणजे 23 वर्षे रोज 19 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची भर! त्यातले परदेशात शिकणारे जेमतेम 69 लाख, शंभरात तिघेसुद्धा नाहीत. पदव्या मोजण्याचे नियम मात्र देशोदेशीच्या सीमा ओलांडून उरलेल्या 97 जणांच्या वर्गात येऊन बसले आहेत.

इटलीतल्या बोलोन्यात 19 जून 1999 रोजी युरोपातल्या 29 देशांनी पदव्या एकमेकांशी ताडून पाहता याव्यात म्हणून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. क्रेडिटची, म्हणजे अभ्यास तासांत मोजण्याची पद्धत त्यातच होती. तिथे वर्षाला 60 क्रेडिट, म्हणजे 1,500 ते 1,800 तासांचा अभ्यास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला 40 क्रेडिट, 1,200 तास. भागाकार करून पाहा: तिकडे एका क्रेडिटला 25 ते 30 तास, इकडे 30.

देशात 2021-22 मध्ये उच्च शिक्षण घेणारे 4.33 कोटी विद्यार्थी होते. सगळ्यांना हेच माप लावले, तर एका वर्षाचे सुमारे 5,200 कोटी तास होतात. सलग मोजले तर 59 लाख वर्षे!

यातले 1,200 तास परभणी जिल्ह्यातल्या येलदरी, बोरी, चारठाण्याहून एसटीने जिंतूरला कॉलेजला येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या वाट्याचे आहेत. नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत पदवीला 2024-25 पासून 2020 चे राष्ट्रीय शिक्षण धोरण लागू झाले. एका क्रेडिटच्या 30 तासांत वर्गातल्या तासिका 15, बाकीचा अभ्यास वर्गाबाहेर. सकाळची एसटी चुकत गेली आणि 15 तासिका बुडाल्या, की एका क्रेडिटचे वर्गातले शिकणे हातचे गेले. बोलोन्यापासून इथपर्यंत आलेल्या हिशेबात एसटीच्या वेळापत्रकाला रकाना नाही.

धोरणाला 2020 ते 2035 या काळात 3.5 कोटी नव्या जागा हव्या आहेत. म्हणजे रोज सुमारे 6,400. हजार मुलांची सहा कॉलेजे रोज, रविवारीसुद्धा! त्याला पैसा लागतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा, असे कोठारी आयोगाने 1966 मध्येच सांगितले होते. 2020 च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला.

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? जगाशी जुळणारे माप जिंतूरला जरूर यावे. इथली पदवी कुठेही मानाने चालली पाहिजे. पण त्या मापाआधी पूर्णवेळ प्राध्यापक, चालती प्रयोगशाळा आणि वेळेवर येणारी एसटी यांची तरतूद व्हायला हवी. ती सरकारची जबाबदारी आहे.